बंद घराचा वास

समता नगरात दुपारच्या वेळी कुणाच्या हातून ताटली पडली, तर ती कुणाच्या घरात पडली हे चार घरांपलीकडे कळतं. इतकी तिथं शांतता. वसमतच्या बसस्टँडवर उतरून रिक्षावाल्याला समता नगर म्हणून सांगितलं, तर तो हसून विचारतो, "म्हाताऱ्याह्यच्या नगरात व्हय?" आणि हळदीच्या बाजाराला वळसा घालून शेवटच्या खांबापाशी आणून सोडतो.

तीस-बत्तीस वर्षांपूर्वी इथं तुरीचं शेत होतं. शेत मोडून चुन्याच्या रेघा मारल्या आणि ज्यांना गावात घर परवडत नव्हतं त्यांनी इथं प्लॉट घेतले. प्लॉट विकणारा बायकांना सांगायचा, "वहिनी, शांतता बघा कशी हाय इथं!" तेव्हा भागूबाई मनात म्हणाली होती, शांतता नाही तर काय असणार बाबा, माणूसच नाही.

पहिली दोन घरं उभी राहिली ती भागूबाईचं आणि अख्तरीचं. भागूबाईचा नवरा अमृतराव एसटीच्या डेपोत मेकॅनिक. अख्तरीचा नवरा इस्माईल कापूस पिंजून गाद्या भरायचा. विटा वाचवायच्या म्हणून दोघांनी मधली भिंत एकच घातली. भिंतीच्या अलीकडे भागूबाईची चूल, पलीकडे अख्तरीची. मग ठरूनच गेलं. लाटण्याच्या टोकानं भिंतीवर दोनदा ठोकलं की चहा ठेवलाय, ये. तीनदा ठोकलं की हातातलं टाकून ये. तीनदा ठोकायची वेळ इतक्या वर्षांत चारदाच आली. एकदा सापासाठी, एकदा अख्तरीला जुबेरच्या वेळी कळा सुरू झाल्या तेव्हा, आणि दोनदा नवरे गेले तेव्हा.

भागूबाईला आठवायचं ते त्या नवऱ्यांचं. अमृतरावांची रात्रपाळी असायची आणि दिवसा झोप. शेजारी इस्माईलभाईची पिंजण सकाळपासून टण् टण् करायची. भिंतीला कान लावायची गरजच नव्हती, भिंतच वाजायची. भागूबाईने कधी तक्रार केली नाही. पण एक दिवस दुपारी पिंजण थांबली ती थांबलीच. दुसऱ्या दिवशीही बारा ते चार आवाज नाही. तिला वाटलं, धंदा बसला की काय. अख्तरीला विचारलं तर ती म्हणाली, "तुह्या मालकाला झोपू दे म्हनले ते. मानूस गाड्या दुरुस्त करतो, झोप न्हाई झाली तर एखाद्या गाडीचा नट ढिला ऱ्हाईल." त्यानंतर वीस वर्षं इस्माईलभाईने दुपारी पिंजण लावली नाही. समता नगरातली शांतता आधी अशी होती, कुणीतरी कुणासाठी राखलेली.

आताची शांतता वेगळी. पोरं पुण्याला, नांदेडला, संभाजीनगरला गेली. भागूबाईचा सुरज पुण्यात. दर रविवारी फोनवर दिसतो, नात ऐश्वर्या मागून हात हलवते आणि दोघं जणू ठरवून म्हणतात, "तिथं काय राहिलंय आता तुझं?" त्यावर भागूबाई म्हणायची, "अख्तरी राहिलीय." सुरज हसायचा. तिने ते हसण्यासाठी सांगितलेलं नसायचं.

पाचव्यांदा तीन ठोके पडले ते मागच्या पौषात, सकाळी नऊच्या सुमाराला. अख्तरी मोरीत घसरली होती. तशीच सरपटत स्वयंपाकघरात आली, हाताला लाटणं लागलं नाही म्हणून वाटीनं ठोकलं. भागूबाई गेली तेव्हा ती जमिनीवर पडून भिंतीकडे बघत होती आणि पहिलं वाक्य बोलली ते असं, "चहा उतू गेला असंल बघ तुझा."

मांडीचं हाड मोडलं होतं. नांदेडहून तिचा मुलगा जुबेर गाडी घेऊन आला. नांदेडलाच ऑपरेशन करायचं, मग त्याच्याकडेच ठेवायचं ठरलं. मागच्या सीटवर तिला आडवं केलं तेव्हा तिनं ओढणीच्या टोकाची गाठ सोडून किल्ली भागूबाईच्या हातात दिली.

"रमजानच्या आधी येते मी."

"येशील. आधी हाड तर जुळू दे."

"ऐक माझं." अख्तरीने तिचं मनगट धरलं. जुबेर पुढे डॉक्टरशी फोनवर बोलत होता. "घराला बंद घराचा वास येऊ देऊ नको. किसनरावाच्या घराचं पाह्यलं ना तू?"

भागूबाईने पाहिलं होतं. समोरचे किसनराव वारले आणि त्यांचं घर दोन वर्षं बंद राहिलं. मग मुलगा-सून आले, कुलूप काढलं आणि सुनेनं उंबऱ्यातच पदर नाकाला लावला. आत पाऊलसुद्धा टाकलं नाही. त्याच दिवशी घर विकायला निघालं. किसनरावांची बायको गाडीतच बसून होती, तिला कुणी काही विचारलं नाही.

"जुबेरला वास आला ना, तर तो म्हनंल, अम्मी, आता काय ऱ्हायलं तिथं. माह्या पोराला मी वळखते. त्याला निमित्त पाह्यजे."

"न्हाई येऊ देत. माह्या नाकाची जिम्मेदारी."

"तुह्या नाकाची?" तशा वेदनेतही अख्तरी हसली. "माझा भात करपला की तुला दुसऱ्या दिवशी कळतंय!"

गाडी गेली. भागूबाईने किल्ली स्वतःच्या पदराला बांधली.

बंद घराचा वास कशानं येतो, हे तिनं शोधून काढलं. मोरीतलं पाणी आटलं की गटाराचा वास वर येतो, म्हणून रोज मोरीत, संडासात तांब्या-तांब्या पाणी. नळ घडीभर सोडायचे, नाहीतर गंज धरतो. पिठाचा डबा तिनं रिकामा केला, गाद्या आठवड्यातून एकदा गच्चीवर नेऊन उन्हात टाकल्या. गाद्या इस्माईलभाईनं भरलेल्या. एकेक गादी जिन्यावरून चढवताना भागूबाईचा दम निघायचा. मध्येच ती पायरीवर बसायची आणि गादीलाच म्हणायची, "इतका कापूस काहून भरला बाबा?"

रोज सकाळी मागचं दार उघडायचं. त्या दाराची कडी इस्माईलभाईने कापसाच्या एका पडक्या जिनिंग मिलच्या भंगारातून आणलेली, हातभर लांब. ओढली की मोर ओरडल्यासारखी ओरडायची. किती तेल घातलं तरी आठवड्यात पुन्हा तीच गत. इतकी वर्षं भागूबाईची सकाळ त्या आवाजाने झाली होती. आता आवाज काढणारी तीच होती, तरी कडी ओरडली की क्षणभर तिला वाटायचं, उठली अख्तरी.

आणि गुरुवारी संध्याकाळी लोबान. अख्तरी जुमेरातीला लोबान जाळल्याशिवाय राहत नसे. भागूबाईच्या घरात बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या फोटोपुढे उदबत्ती असायची; लोबानाचं तिला काही माहीत नव्हतं. पहिल्या वेळी निखारा विझला, दुसऱ्या वेळी इतका धूर झाला की तीच खोकत बाहेर आली. तिसऱ्या गुरुवारी जमलं. मातीच्या लोबानदानीत गॅसवर फुलवलेला कोळसा ठेवायचा, वर चिमूटभर खडे, आणि खोलीच्या चारी कोपऱ्यांत फिरवायचं.

त्याच वेळेला नांदेडहून फोन यायचा, सून तरन्नुमच्या फोनवरून.

"लावला का?"

"लावला."

"वास?"

"न्हाई. जरा बी न्हाई. तुला कसं हाय?"

"चार पावलं चालले आज. काठीला धरून. तरन्नुम म्हनते अम्मी पळून जाईल आता." मग आवाज खाली करून, "पुदिन्याला पानी घालून राह्यली ना?"

"घालून राह्यले. तुह्यापेक्षा बरा आलाय."

"काहून न्हाई येनार. मी नजर लावायला न्हाई ना तिथं."

जानेवारीच्या शेवटी जुबेरचा फोन आला. तो लहानपणापासून भागूबाईला मौशी म्हणायचा. तिच्याच पाटावर बसून पाढे पाठ केलेलं पोर. "मौशी, डॉक्टर म्हनले अम्मीला आता खाली बसून संडास जमनार न्हाई. खुर्चीवाला बसवावा लागंल. भिंतीला धरायला दांडा पाह्यजे."

भागूबाईला इतका आनंद झाला की तिनं गुरुवारची वाट न बघता अख्तरीला फोन लावला. "अगं, जुबेर संडास बदलून राह्यला तुझा!" पलीकडून अख्तरी म्हणाली, "बघ. मी म्हनले न्हाई? पोरगं माझंच हाय."

आठेक दिवसांनी जुबेर पुन्हा बोलला. "मौशी, सोमवारी दोघं जन येतील. घर पाहतील. जरा उघडून द्या, चहापानी करा." कशाला येतील हे त्यानं सांगितलं नाही. तिला विचारावंसं वाटलं नाही, कारण तिला ते ठाऊक होतं.

रविवारी तिनं सगळं घर धुऊन काढलं. खिडक्यांच्या जाळ्या पुसल्या. गुरुवार नसूनही सोमवारी सकाळी लोबान फिरवला. माणसं काम करायला येणार, त्यांनी मनापासून करावं, तर आधी घरात त्यांना बरं वाटायला हवं, असा तिचा हिशेब.

मोटारसायकलवर जोडपं आलं. नवरा हरिचंद, मूळचा पुसेगावचा, इथल्या साखर कारखान्यावर नोकरीला. कडेवर तीन वर्षांची पोर घेतलेली त्याची बायको शोभा. हरिचंदच्या हातात मोजायचा टेप होता. तो टेप बघून भागूबाईच्या मनातली उरलीसुरली शंकाही गेली.

त्यानं मोरी मोजली. संडास मोजला. मग स्वयंपाकघर आणि पुढची खोलीही मोजली. भागूबाईला वाटलं, हुशार माणूस, काम व्यवस्थित करतो. शोभा खोल्यांतून हळूहळू फिरत होती. मध्येच थांबून तिनं खोल श्वास घेतला.

"किती दिवस बंद हाय म्हनले हे घर?"

"दोन महिने होतील."

"बंद घर वाटतच न्हाई हो मावशी. कालपरवा कुनी राहून गेल्यावानी वाटतंय."

भागूबाईला दोन महिन्यांत मिळालेली ही पहिली शाबासकी. ती फुलली. स्वतःच्या घरातून चहा करून आणला, पोरीच्या हातात बिस्कीट दिलं आणि शोभा जे विचारील त्याचं भरभरून उत्तर देत गेली. पाणी? एक दिवसाआड येतं, पण भरपूर. उन्हाळा? मागून वारा येतो, पंखा लागत नाही दुपारचा. शेजार? "शेजार तर मी हाय. या भिंतीवर दोनदा ठोकलं की मी आले." आणि कसं ठोकायचं ते तिनं बोटाच्या पेरांनी ठोकूनही दाखवलं. शांतता? "अगं, इथं शांतता हाय म्हून तर मानसं राह्यली."

हरिचंदने टेप गुंडाळला. नवरा-बायकोनं एकमेकांकडे बघितलं. भागूबाईने विचारलं, "मग कवा चालू करता काम?"

"काम काय जास्त न्हाई मावशी. रंग दिला की झालं. या महिन्यातच येऊ राहायला." शोभा हसली, आणि पोरीला म्हणाली, "आजीला टाटा कर. आता आपन आजीच्या शेजारी यायचं."

पोरीनं हात हलवला. भागूबाईनंही हलवला. मोटारसायकल खांबापर्यंत गेली, वळली, तरी तिचा हात वरच होता.

कपबशा तिथेच ओट्यावर ठेवून ती अख्तरीच्या पलंगावर बसली. मग जुबेरला फोन केला.

"मौशी, पसंत पडलं म्हने त्याह्यला! इकत घेतात." जुबेरचा आवाज खुशीत होता. "तुमी घर इतकं बराबर ठेवलं म्हून. याच्या आधी दोन घरं पाह्यली त्याह्यनं, बंद घरं, वास मारत होती म्हने."

"तू मला सांगितलं न्हाई, जुबेर."

ती पुढं म्हणाली,

"संडास बदलायचा म्हनला तू."

"बदलला मौशी. इथं, नांदेडला. माह्या घरात." मग एकदम तो लहानपणी मार खाताना बोलायचा तसं बोलू लागला, एका दमात. "मी काय करू मौशी? अम्मी पुन्यांदा पडली तर? तुमी उचलनार का? तुमीच सत्तरीच्या पुढं गेल्या. त्या दिवशी तुमी तिला उठवू शकल्या न्हाई, समोरच्या ग्यानबाकाकाला बोलवावं लागलं. मला दुकान हाय, लेकरं हायत. रोज सकाळी फोन वाजला की माह्या काळजात धस्स व्हतं."

यात खोटं काहीच नव्हतं. तेच वाईट होतं.

"तिला सांगितलं?"

"न्हाई. घर माह्या नावावर हाय, तिची सही लागत न्हाई. रमजान होऊ द्या, ईद होऊ द्या, मग सांगतो. तुमी बोलू नका मौशी. तिला वाटतं घर हाय, त्या उमेदीवर ती चालून राह्यली. डॉक्टर बी म्हनले, लई लवकर चालायला लागली."

"मी तुह्या मायशी कधी खोटं बोलले न्हाई."

"एवढं एकडाव बोला."

रमजान लागायच्या आदल्या दिवशी जुबेर टेम्पो घेऊन आला. पलंग, कपाट, भांडी गेली. इस्माईलभाईच्या गाद्या दोर लावून बांधल्या; त्यातली एक टेम्पोच्या बाहेर लोंबत होती. पिंजण माळ्यावर होती, ती कुणाला उपयोगाची नव्हती, तरी जुबेरनं स्वतः उतरवली आणि पुढं आपल्या पायांशी घेतली. जाताना म्हणाला, "तुमाला काय ठेवायचं असंल तर ठेवा मौशी." तिनं लोबानदानी मागितली. त्यानं वाकून तिच्या पायांना हात लावला, आणि ती मागे सरली नाही. पण डोक्यावर हात ठेवायला तिला नेहमीपेक्षा थोडा जास्त वेळ लागला.

पदराची किल्ली तिनं सोडून त्याच्या हातात दिली. पदराचं ते टोक दोन महिन्यांत चुरगळून उभं राहायला लागलं होतं. पुढं कितीतरी दिवस धुतलं तरी सरळ झालं नाही.

शोभाचं बिऱ्हाड आलं. लोक भले होते, त्यामुळे भागूबाईला रागवायलाही जागा नव्हती. पहिल्याच दिवशी शोभानं शिऱ्याची वाटी आणून दिली. पोर पायरीवर येऊन बसायची. भिंतीपलीकडे कुकरच्या शिट्ट्या, पोरीचं रडणं, हरिचंदची मोटारसायकल. भागूबाईने भिंतीवर ठोकलं नाही आणि शोभानंही ठोकलं नाही. बहुतेक विसरली होती.

गुरुवार आला. भागूबाईने स्वतःच्या स्वयंपाकघरात कोळसा फुलवला, सामाईक भिंतीलगत लोबानदानी ठेवली. फोन वाजला.

"लावला?"

"लावला." हे खरं होतं.

"वास?"

"न्हाई." हेही खरंच होतं. खोटं कुठं होतं ते बोट ठेवून दाखवता आलं नसतं, पण फोन ठेवल्यावर तिला जेवण गेलं नाही.

दुसऱ्या गुरुवारी अख्तरीचा रोजा होता. इफ्तारीला थोडा वेळ होता. आवाज बारीक आला होता, पण मनात उल्हास होता. "काठी सोडली आज. भिंतीला धरून दरवाजापर्यंत गेले. ईद तिथंच करते बघ. तू शेवया आनून ठेव, बारीकवाल्या."

"ठेवते."

"लोबान?"

"लावला. वास न्हाई, काही न्हाई. तू..."

तेवढ्यात पलीकडे शोभानं मागचं दार उघडलं. कडी ओरडली. लांबलचक, मोरासारखी, भिंतीतून थेट.

भागूबाईने फोन छातीशी धरला. उशीर झाला होता.

"कडी कोनी काढली?" अख्तरीने विचारलं.

"वारं सुटलंय आज."

फोनवर नांदेडच्या रस्त्यावरचे हॉर्न ऐकू येत राहिले. कुणीतरी खजूर, खजूर म्हणून ओरडत होतं.

"वारा कडी काढत न्हाई, भागू."

बोलण्यासारखं होतं ते जुबेरचं होतं, भागूबाईचं नव्हतं.

"कवापासून हायत?"

"नऊ दिवस झाले."

"लेकरं?"

"एक पोरगी हाय. तीन वर्साची."

"हां." मग पुन्हा हॉर्न. "मला वाटलंच होतं. परवा तरन्नुमनं माझी चहाची किटली काढली. म्हनली बाजारातून आनली. किटलीच्या कानाला मी स्वतः दोरा बांधलेला हाय, मला कळनार न्हाई का? मी म्हनले, छान हाय."

"अख्तरी, मीच दाखवलं गं त्याह्यला घर. मला वाटलं संडासाचं माप घ्यायला आले. लोबान लावला, धुऊन पुसून ठेवलं, चहा पाजला. वास आला असता तर त्याह्यनं घेतलं नसतं."

"म्हंजे तुह्या नाकानं काम केलं एकदाचं," अख्तरी म्हणाली. दोघींपैकी कुणालाच हसू आलं नाही, तरी ती म्हणाली.

मग ती हळू आवाजात बोलू लागली. शेजारच्या खोलीत कुणी असावं. "जुबेरला सांगू नको मला कळलं म्हून. ईदीपर्यंत त्याला वाटू दे मला काही ठाऊक न्हाई. चोरासारखा फिरतो बिचारा घरात, माझ्याकडं बघत न्हाई. त्याला बी तकलीफ होत असंल."

"बरं."

"आन् त्या पोरीच्या मायला सांग, कडीला तेल घालू नको म्हनावं."

"सांगते."

अजान झाली असावी. फोन बंद झाला.

लोबानदानीतला कोळसा अजून लाल होता. तो वाया जाऊ द्यायचा नाही म्हणून भागूबाईने ती उचलली आणि घरात फिरवायला निघाली. स्वयंपाकघर, मधली खोली, फोटोंपुढचा कोपरा. मग सुरजच्या खोलीपाशी आली. त्या खोलीचं दार कधी लावून घेतलं ते तिला आठवेना. मागच्या दिवाळीला सुरज येणार होता तेव्हा झाडली होती, पण तो आला नव्हता. दार फुगून बसलं होतं. तिनं खांदा लावून ढकललं.

उंबऱ्यातच तिचा हात पदराकडे गेला, नाकाशी थांबला.

शेजारी पोर कशावर तरी हसत होती. भागूबाई तशीच उंबऱ्यात उभी राहिली. हातातला कोळसा राखाडी होत गेला, तरी तिला आत जावंसं वाटेना.